दस्तगीरभाईंसमोर ‘जुना झालाय’ म्हणायचं नाही

इंदापूरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत दस्तगीर मुलाणी यांचं दुकान होतं. त्या दुकानात दोन शब्द उच्चारायला बंदी होती आणि मी ते पहिल्याच दिवशी उच्चारले.

“भाई, बघा जरा. लॅपटॉप जुना झालाय बहुतेक.”

त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. चष्मा कपाळावर सरकवला.

“किती वर्सं नोकरी झाली सर तुमची?”

“एकवीस.”

“मग तुमी बी जुनं झाला. कॉलेजवाल्यांनी काय करायचं तुमचं?”

माझ्यामागे उभा असलेला एक जण हसला. भाई हसले नाहीत. त्यांना खरोखरच राग आला होता. पुढे मला कळलं, की हा राग माझ्यावर नव्हता. तो राग ते रोज सकाळी शटर उघडताना सोबत घेऊन येत आणि जो पहिला माणूस ‘जुना झालाय’ म्हणेल त्याच्या पदरात घालत.

मी बारामतीहून इंदापूरला एसटीनं ये-जा करायचो. तिथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायचो. माझा लॅपटॉप आदल्या आठवड्यापर्यंत बरा चालला होता. मग एका सकाळी त्यानं स्वतःच स्वतःला नवी सिस्टीम घालून घेतली. ‘बंद करू नका’ असं म्हणत तो दुपारपर्यंत गोल गोल फिरत राहिला आणि उठला तो दुखणाईत होऊन. सुरू व्हायला पंधरा मिनिटं. एक फाइल उघडायला सांगावी, तर तेवढ्यात डबा खाऊन व्हावा. बारामतीतल्या एका मोठ्या, काचेच्या दुकानात मी तो नेला. तिथल्या मुलीनं झाकणसुद्धा उघडलं नाही. वरून बघून म्हणाली, “सर, हा आता चालणार नाही. नवीन दाखवू?”

हे मी दस्तगीरभाईंना सांगितलं. त्यावर त्यांचा प्रश्न ठरलेला असे. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी विचारलेला मी पुढे ऐकला. “काय झालं ते ऱ्हाऊ द्या. व्हायच्या आदल्या दिशी कसा हुता?”

“चांगला होता.”

“मग एका रातीत म्हातारा झाला व्हय? सर, माणूस म्हातारा व्हतो सावकाश. एका रातीत जे व्हतं ते कुणीतरी केलेलं असतंय.”

साठीला टेकलेला हा माणूस. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग संगणक असं दुरुस्त करत आलेला. कुठल्या संस्थेचं प्रमाणपत्र नाही, भिंतीवर फोटो नाही. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. मशीन उघडण्याआधी हात धुऊन, पुसून, वर पंख्याखाली वाळवून घ्यायचे. जेवायला बसावं तसे. मग पेचकसाचं टोक लॅपटॉपच्या पोटावर टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून आतली डिस्क ऐकायची. त्या वेळी दुकानात कुणी बोललेलं चालत नसे. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तर भाई डोळे न उघडता मोठ्यानं म्हणत, “हितं पेशंट हाय!”

काम करताना ते एका माणसाशी भांडत. हा माणूस समोर नसे. ज्यानं ते अपडेट बनवलं तो. भाईंच्या मनात त्याचं चित्र पक्कं होतं. थंडगार खोलीत बसलेला, ज्याच्या टेबलावर जगातलं सगळ्यात भारी मशीन आहे आणि ज्यानं आयुष्यात दुसऱ्याचा लॅपटॉप हातात धरलेला नाही. “आरं, कुठल्या गावचा हाय रं तू? ह्यात बातम्या कशाला घातल्या? ह्यात खेळ कशाला घातला? त्यो भूगोलाचा मास्तर हाय!” असं म्हणत त्यांनी माझ्या लॅपटॉपवर आपोआप सुरू होणारी एकेक गोष्ट बंद केली. मी मोजल्या, चौदा होत्या. त्यातली एकही मी मागितलेली नव्हती. मग त्यांनी लॅपटॉपच्या आतला पंखा उघडला. आत काळी वात निघाली, बोटाएवढी. साखर कारखान्याची काजळी. गळीत हंगामात आमच्या भागात गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तीच.

“ही तुमची चूक,” ते म्हणाले. “खिडकीत ठिवता. बाकीची त्याची.”

दीड दिवस त्यांनी माझ्या लॅपटॉपला दिला. आतली जुनी सिस्टीम डिस्कवर तशीच पडून जागा अडवत होती, ती काढली. स्मरणाची, म्हणजे रॅमची, पट्टी वाढवली. पुढे तीन वर्षं त्या लॅपटॉपनं मला काही त्रास दिला नाही. बारामतीतली ती काच आजही मला दिसली की माझं डोकं फिरतं. झाकणसुद्धा उघडलं नव्हतं.

भाईंना आमचं शिक्षकांचं एका गोष्टीत कौतुक नव्हतं. आम्ही विचारत नाही, असं त्यांचं म्हणणं. पडद्यावर काही आलं की आम्ही ‘होय’ दाबतो. कुणी सांगितलं की मान हलवतो. “तुमी पोरांना म्हणता प्रश्न विचारा. तुमी कुणाला विचारता?”

ते स्वतः कसे विचारत, त्याचा मी साक्षीदार आहे. बारामतीत एका हॉटेलच्या हॉलमध्ये संगणकवाल्यांसाठी कार्यक्रम होता. नव्या सिस्टीमची माहिती, वर जेवण आणि प्रत्येकाला एक पिशवी. भाईंना बोलावणं होतं. त्या संध्याकाळी आम्ही एकाच एसटीनं आलो होतो, म्हणून त्यांनी मलाही आत नेलं. कोट घातलेला एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. सगळं किती वेगवान झालंय ते सांगत होता. शेवटी त्यानं विचारलं, कुणाला काही शंका? भाई उठले.

“ज्याच्या मशीनला हे झेपणार न्हाय, त्याला तुमी आदी सांगता का? मोठ्या अक्षरात, त्याच्या भाषेत?”

“सर, कमीत कमी काय लागतं ते आमच्या साइटवर दिलेलं आहे.”

“ती साइट बावड्याच्या शेतकऱ्यानं आदी वाचायची, मग ‘होय’ दाबायचं, आसं का?”

“सर, तंत्रज्ञान पुढे जाणारच.”

“जाऊ द्या की पुढं. आमी धरून ठिवलंय का? पर जाताना आमचं चालतं मशीन का मोडून जाताय?”

त्या तरुणानं हसून पुढचा प्रश्न घेतला. पुढचा प्रश्न जेवणाच्या वेळेबद्दल होता. भाईंनी आपली पिशवी दारातल्या टेबलावर परत ठेवली आणि न जेवता बाहेर पडले. मी मात्र पिशवी घेऊन आलो. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही.

आता सुनंदा मॅडमचं सांगतो. हेच सांगायला बसलो होतो, आणि इतका वेळ इकडंतिकडं केलं कारण त्यात मी आहे.

सुनंदा मॅडम आमच्याकडे बारावीला इतिहास शिकवत. राहायला वरकुट्याला. जन्मापासून दृष्टी नाही. नऊ वर्षांच्या टिपणांसकट त्यांचं सगळं काम एका लॅपटॉपवर होतं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्यात होता. कळ दाबली की अक्षर कानात, ओळीवर गेलं की ओळ कानात. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यात जलद टंकलेखन त्यांचं होतं. मी कित्येकदा माझी प्रश्नपत्रिका त्यांच्याकडून टाइप करून घेतली होती.

एके दिवशी कॉलेजनं नेमलेल्या एजन्सीचा माणूस आला. त्याला सगळी मशिनं ‘अद्ययावत’ करायची होती. त्यानं सुनंदा मॅडमचा लॅपटॉपही घेतला आणि नवी सिस्टीम चढवून परत ठेवला. त्यांना विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून लॅपटॉप बोलायचा थांबला. म्हणजे बोलायचा, पण उशिरा. मॅडमनी त्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, “होईल हळूहळू आपोआप.” त्यांनी वाट पाहिली. पहिले दहा दिवस जुनी सिस्टीम परत घेता येते. ते त्यानं सांगितलं नाही. अकराव्या दिवसानंतर फोन केला तेव्हा सांगितलं, “आता नाही होणार मॅडम. नवीन घ्या.”

तेवढ्यात बारावीचे अंतर्गत गुण ऑनलाइन भरायची वेळ आली. मॅडमचे गुण भरून होईनात. प्राचार्यांनी त्यांना बोलावून मायेनं सांगितलं, की तुम्हाला त्रास नको, बारावीचा वर्ग आपण दुसऱ्याकडे देऊ, तुम्ही ग्रंथालय बघा. मायेनं! कुणाच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि वर त्याला माया म्हणायचं.

मॅडमना दस्तगीरभाईंकडे मी नेलं. एवढं एक माझ्या नावावर आहे.

भाईंनी त्यांना खुर्ची दिली. “ताई, व्हायच्या आदी कसा हुता?” मॅडमनी सांगितलं. त्यांनी पेचकस बाजूला सारला. म्हणाले, “मला बगून कळायचं न्हाय हे.” त्यांनी पडद्याचा उजेड पूर्ण घालवला. पडदा काळा झाला. मॅडमचा हेडफोन मागून घेतला, कानाला लावला, डोळे मिटले.

“कुठली कळ दाबू?”

“कुठलीही. ‘क’ दाबा.”

त्यांनी दाबली आणि मोठ्यानं मोजायला लागले. “एक. दोन. तीन.” अकराला त्यांच्या कानात ‘क’ बोलला. त्यांनी दुसरी कळ दाबली. पुन्हा मोजलं. मग तिसरी. त्यांनी पूर्ण एक शब्द असा लिहिला. तो शब्द काय होता मला माहीत नाही, पण तो होईपर्यंत दुकानात कुणी हललं नाही. मग त्यांनी हेडफोन काढला.

“ताई, किती दिस आसं काम केलं?”

“तीन आठवडे.” मॅडम हसल्या. “बोट ठेवायचं आणि वाट बघायची. अक्षर येतं तोवर मी पुढचं विसरलेली असते.”

मी भाईंना चिडलेलं खूप वेळा पाहिलं होतं. त्या दिवशी ते चिडले ते वेगळं होतं. आवाज चढला नाही. समोर नसलेल्या त्या माणसालाही एक शब्द बोलले नाहीत. हात धुतले, वाळवले आणि कामाला लागले.

डिस्क ऐकली. “खरखरतीया. कदी बी जाईल. आदी ताईचं लिखाण भाईर काढायचं.” नऊ वर्षांचं लिखाण बाहेर यायला दुपार गेली. तेवढ्या वेळात त्यांनी दुसरं कुठलंही काम हातात घेतलं नाही, आलेल्या तिघांना उद्या या म्हणून परत पाठवलं. मग त्यांना आणखी एक गोष्ट सापडली. नव्या सिस्टीमनं तिचा स्वतःचा वाचून दाखवणारा आवाज सुरू करून ठेवला होता, आणि त्याची पातळी शून्यावर असल्यानं तो कुणाला ऐकू येत नव्हता. मॅडमचा जुना आवाज आणि हा मुका आवाज, दोघंही प्रत्येक अक्षरासाठी एकमेकांशी झगडत होते.

“कुणी ऐकलं आसतं तर एका मिनटाचं काम हुतं हे,” ते म्हणाले. “एका मिनटाचं! त्या एजन्सीवाल्यानं ताईच्या शेजारी एक मिनिट बसून ऐकलं न्हाय.”

मुका आवाज बंद केला. फिरती डिस्क काढून न फिरणारी नवी बसवली, स्मरण वाढवलं, न मागितलेलं सगळं उपटून टाकलं. प्रत्येक बदलानंतर पडदा काळा करून, डोळे मिटून, कळ दाबून मोजायचे. अकराचे सात झाले. सातचे तीन. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कळ दाबली, ‘ए’ म्हणायला तोंड उघडलं आणि ‘क’ आधी आला. त्यांनी हेडफोन मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी दोन्ही हात कळांवर ठेवले आणि इतक्या वेगानं लिहू लागल्या, की भाई उठून उभे राहिले.

पण ते एवढ्यावर थांबणारे नव्हते. कॉलेजच्या इंटरनेटवर ती गुणांची साइट कशी चालते ते बघायचं म्हणून मॅडमबरोबर कॉलेजात आले. शिक्षकांच्या खोलीत मॅडमनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांचे गुण तासाभरात भरले. प्राचार्य येऊन उभे राहिले, त्यांनी कौतुक केलं. “छान झालं मुलाणी. पण वर्गाची व्यवस्था आता लागलीये. वर्षाच्या मधे बदल नको.”

“कुणाला दिलाय वर्ग?” भाईंनी विचारलं.

प्राचार्यांची नजर कपाटाकडे वळली. मी तिथे उभा होतो.

“मला,” मी म्हणालो.

मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. मॅडमना दुकानात नेताना सांगितलं नव्हतं, दोन दिवस त्यांच्याबरोबर बसून मोजणी ऐकली तेव्हाही नाही. इतिहास माझा दुसरा विषय होता. प्राचार्यांनी विचारलं आणि मी मान हलवली होती. आठवडाभर मी त्या वर्गाला मार्गदर्शिकेतनं उतरवून देत होतो.

भाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“आन तुमी घेतला?”

एवढंच. मला वाटलं होतं ते मला झोडपतील. झोडपलं असतं तर बरं झालं असतं, मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. खोलीत सहा शिक्षक होते. सगळे वह्यांत बघत होते. त्यांनाही सगळं आधीपासून माहीत होतं.

“सर, मला तो वर्ग नको,” मी प्राचार्यांना म्हणालो. आवाज इतका बारीक आला, की त्यांनी “काय?” म्हणून पुन्हा विचारलं. दुसऱ्यांदा मी नीट म्हणालो. लेखी देतो म्हणालो. प्राचार्यांचा चेहरा बिघडला, पण मी तिथेच टेबलावर बसून लिहून दिलं. भाई ते लिहून होईपर्यंत दारात उभे होते. मग गेले.

सोमवारी मॅडम बारावीवर गेल्या. त्याआधी व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. “सर, आठवड्यात कुठवर आलात? तिथून पुढं घेते.” मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “नको. मी पहिल्यापासून घेते.”

त्यांनी मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. भाईंनी केलं असावं. पंधरा दिवसांनी मी दुकानात गेलो तेव्हा त्यांनी चहा सांगितला आणि त्या समोर नसलेल्या माणसाशी माझ्यादेखत भांडू लागले.

पुढच्या वर्षी त्या गल्लीतली जागा मालकाला बांधायला हवी झाली आणि भाईंनी दुकान सोडलं. ते सांगवीला मुलीकडे राहायला जाणार होते. बारामतीपासून सांगवी काही लांब नाही. जाऊ, जाऊ म्हणत मी गेलो नाही, आणि श्रावणात ते वारल्याचं मॅडमनीच मला सांगितलं. त्या जाऊन आल्या होत्या.

म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दुकान आवरायच्या दिवशी. फळ्या निघाल्या होत्या, टेबल गेलं होतं, भिंतीवर एकच प्लग उरला होता. जमिनीवर अकरा लॅपटॉप ओळीनं मांडलेले. लोकांनी दुरुस्तीला टाकले आणि नवे घेऊन विसरून गेले ते. भंगारवाला टेम्पो लावून दारात उभा होता. भाई खाली बसून एकेका मालकाला फोन करत होते. तुमचं मशीन चालू करून ठिवलंय, आत तुमचं सामान हाय, घिऊन जावा. बहुतेकांनी टाकून द्या म्हणून सांगितलं. मी पोचलो तेव्हा ते बावड्याच्या, आता पुण्यात असलेल्या एका माणसाशी बोलत होते.

“आवो, ह्यात तुमच्या आईचं फोटू हायत. आवाज बी हाय त्यांचा. आई हायत का आता? न्हायत? मग?” ते थांबले. ऐकलं. फोन ठेवला.

“टाका म्हणतोय,” ते मला म्हणाले. “आईचा आवाज, आन टाका म्हणतोय! आज म्हणतोय. परवा रडत यील आन म्हणंल कुठाय.”

भंगारवाल्यानं विचारलं, “भाई, उरकायचं का?”

“थांब.”

त्यांनी तो लॅपटॉप मांडीवर घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि खिशातला पेनड्राइव्ह लावला. सगळं बाहेर काढायला त्याला बराच वेळ लागणार होता. बाहेर आलेली एक फाइल नीट आहे का बघायला त्यांनी ती सुरू केली. एका बाईचा आवाज आला. कुणाला तरी हाक मारत होती, जेवायला ये म्हणत होती. मी ऐकायला पुढे वाकलो.

भाईंनी चटकन आवाज बंद केला.

“आपण ऐकू नये, सर. त्यांच्या घरातलं हाय ते.”

मी निघालो तेव्हा ते तसेच बसले होते. मोकळ्या दुकानात, जमिनीवर, किती फाइली उतरल्या ते दाखवणारी, पडद्यावर हळूहळू सरकणारी पट्टी बघत.